पाण्याचा फुगा, हातच्याची वजाबाकी आणि ‘हार मानणार नाही’

परीक्षा जवळ आल्या की नाशिकमधल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरू लागतात. एकात लिहिलेलं असतं की कार्टूननं मुलं बिघडतात, टीव्हीचं कनेक्शन काढून टाका. दुसऱ्यात जपानी अ‍ॅनिमेची, म्हणजे तिथल्या कार्टून-मालिकेची, तीस सेकंदांची क्लिप असते. जखमी पोरगा धडपडत उभा राहतो, मागचं संगीत चढत जातं आणि तो ओरडतो, ‘मी हार मानणार नाही!’ खाली सूचना असते, मुलांना रोज सकाळी दाखवा. दोन्ही मेसेजमागची समजूत एकच आहे: पडद्यावर जे बोललं जातं ते मुलाच्या वागण्यात उतरतं. खरं तर उतरतं ते वेगळंच काहीतरी.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. बालवाडीतल्या काही मुलांनी मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला बदडताना प्रत्यक्ष पाहिलं, काहींनी फिल्मवर पाहिलं आणि काहींनी कार्टूनच्या रूपात पाहिलं. हे कार्टून म्हणजे काळ्या मांजराचा वेश घातलेली एक बाई होती. तिन्ही गटांतल्या मुलांनी पुढं तसंच बदडलं. तेव्हा कार्टूनमधून काही पोचतच नाही, हे म्हणणं टिकत नाही. मात्र पोचली ती कृती, आणि उपदेश तर त्यात कुणी केलाच नव्हता.

उपदेश पोचवायला गेलं की काय होतं, हे २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसतं. लहान मुलांना तीन पायांच्या कुत्र्याची कार्टूनकथा दाखवली. बाकीचे कुत्रे आधी त्याला टाळतात, मग त्यांना आपली चूक कळते. वेगळं दिसणाऱ्यांना दूर लोटू नये, हा कथेचा बोध. मुलांना विचारलं तर बऱ्याच जणांच्या लेखी बोध होता: तीन पायांच्या कुत्र्यांशी नीट वागावं! मुलांनी चूक केली नाही, जे दिसलं ते घेतलं. या वयात एका गोष्टीतून सर्वसाधारण नियम काढणं अवघड जातं.

आता मुख्य यंत्रणा. बंडुरांनी १९७७ साली एक कल्पना मांडली, तिला आपण ‘जमेल-विश्वास’ म्हणू. ‘हे विशिष्ट काम मला जमेल का?’ या प्रश्नाचं माणूस मनातल्या मनात जे उत्तर देतो, ते म्हणजे जमेल-विश्वास. सर्वसाधारण आत्मविश्वासाहून तो वेगळा आहे. पोहण्याचा वेगळा, वजाबाकीचा वेगळा. माणूस काम सुरू करेल का, अडल्यावर किती वेळ चिकटून राहील, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. तो चार ठिकाणांहून येतो. सगळ्यांत भक्कम स्रोत स्वतःला मिळालेल्या यशाचा. दुसरा, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना पाहणं. तिसरा, ‘तुला जमेल’ असं कुणी सांगणं. चौथा, शरीराची अवस्था: धडधड, घाम, उत्साह.

क्लिपमधला संवाद तिसऱ्या स्रोतात मोडतो. हा स्रोत कच्चा आहे, पहिलंच गणित चुकलं की पुसला जातो. संगीत चौथा स्रोत हलवतं, पण शरीराचा तो उत्साह काही मिनिटांत ओसरतो; वही उघडेपर्यंत टिकला तरी खूप. उरला दुसरा स्रोत, आणि अ‍ॅनिमेची खरी ताकद तिथंच आहे.

शिक्षण-मानसशास्त्रज्ञ डेल शंक यांनी ऐंशीच्या दशकात गणितात अडखळणाऱ्या मुलांवर प्रयोग केले. १९८५ च्या प्रयोगात विषय होता हातच्याची वजाबाकी. काही मुलांना शिक्षक गणित सोडवताना दाखवले, तर काहींना त्यांच्याच वयाचं मूल. बरोबरीच्या मुलाला पाहणाऱ्यांचा जमेल-विश्वास जास्त वाढला. १९८७ साली अपूर्णांक घेतले आणि दोन तऱ्हेची मुलं दाखवली. एक पारंगत, पहिल्यापासून बिनचूक सोडवणारं. दुसरं धडपडणारं: आधी चुकतं, अवघड आहे म्हणतं, मग ‘मी करतोय त्याकडे नीट लक्ष द्यायला हवं’ असं स्वतःला बजावतं आणि हळूहळू बिनचूक होतं. धडपडणाऱ्याला पाहणारी मुलं पुढं सरस ठरली, आणि त्यांना ते मूल ‘आपल्यासारखं’ही वाटलं. म्हणजे बघणाऱ्याला तीन गोष्टी दिसायला हव्यात: चूक, चुकीनंतर बदललेली रीत आणि त्या बदलाचा परिणाम.

‘नारुतो’ ही नारुतो नावाच्या निंजा मुलाची अ‍ॅनिमे मालिका. त्यानं रासेंगन, म्हणजे तळहातावर ऊर्जेचा फिरता गोळा तयार करण्याचं तंत्र, शिकण्याचा भाग या कसोटीवर लावून बघा. पायऱ्या तीन. आधी पाण्याचा फुगा आतलं पाणी फिरवून फोडायचा, मग रबरी चेंडू जोर लावून फोडायचा आणि शेवटी साधा फुगा न फोडता तेवढंच बळ आत कोंडून ठेवायचं. पहिल्या पायरीवर तो अडतो, कारण पाणी एकाच दिशेनं फिरतंय. मांजर फुग्याशी खेळताना दिसल्यावर तो दुसरा हात वापरून पाणी अनेक दिशांना ढवळतो. एका हातानं जमत नाही ते शेवटी स्वतःच्या प्रतिरूपाची मदत घेऊन साधतो. इथं चूक आहे, कारण आहे, बदललेली रीत आहे. ‘हार मानणार नाही’ हे वाक्य वगळलं तरी या दृश्यातून शिकण्यासारखं सगळं शिल्लक राहतं.

उलट, नायकात दडलेली जन्मजात शक्ती ऐन वेळी जागी होते, अशा दृश्यांतून बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. महिन्यांचा सराव दीड मिनिटाच्या गाण्यात उरकणारी दृश्यंही फसवी. मूल मग चार दिवसांत फळाची अपेक्षा धरतं आणि पाचव्या दिवशी सोडून देतं.

आणखी एक धोका आहे. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांच्या संशोधनात दिसलं की इच्छा पुरी झाल्याचं गोड चित्र मनात रंगवलं की शरीर सैलावतं. सिस्टोलिक (दोन आकड्यांतला वरचा) रक्तदाब खाली येतो, म्हणजे श्रमासाठी जुळवाजुळव करण्याऐवजी शरीर विसावतं. विजयाचे प्रसंग पुन:पुन्हा पाहणाऱ्या मुलाच्या बाबतीतही हाच धोका संभवतो.

‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या नावाखाली हजारो रुपये घेऊन मुलांना डोळे बांधून वाचायला लावणारे वर्गही याच अपेक्षेवर चालतात: कष्टाविना दडलेली शक्ती जागी होईल. ते मूल नाकाच्या कडेच्या फटीतून बघत असतं. पट्टी नीट चिकटवली की वाचन थांबतं. मुलाला फसवणुकीत सामील करून घेणारा हा प्रकार घृणास्पद आहे.

मग करायचं काय? सरावाचा एकच प्रसंग निवडा, पाच-सात मिनिटांचा. नायक चुकतो तिथं थांबवा आणि विचारा, ‘का जमलं नाही? आता तो काय बदलेल?’ उत्तर मुलालाच देऊ द्या. मग मुलाच्या अडलेल्या कामाबद्दल हेच दोन प्रश्न विचारा. उत्तराचं ‘जर-तर’ वाक्य करून वहीत लिहा: ‘शाळेतून येऊन दप्तर ठेवलं की लगेच हातच्याची तीन गणितं सोडवीन, दुसऱ्यात अडलो तर दशक-एकक पुन्हा मांडून बघीन.’ अशा जर-तर योजनांच्या ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००६ साली निघाला. परिणामाचा आकार, म्हणजे योजना करणाऱ्या आणि न करणाऱ्या गटांच्या सरासरींतला फरक भागिले प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप), ०.६५ आला, मानसशास्त्रात हा मध्यम ते मोठा समजतात. ‘रोज अभ्यास करीन’ हे वाक्य चालत नाही, कारण त्यात वेळेची खूण नाही. तीनची वीस गणितंही करू नका. पहिला स्रोत स्वतःच्या यशाचा आहे, ते पहिल्याच दिवशी मिळायला हवं.

चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी युक्ती वेगळी. २०१७ च्या प्रयोगात कंटाळवाणं काम करताना काही मुलांनी बॅटमॅनसारखं पात्र धारण केलं आणि दर मिनिटाला ‘बॅटमॅन मेहनत करतोय का?’ असं स्वतःला विचारलं. ती सगळ्यांत जास्त वेळ टिकली. वेशासोबत ‘मी’ऐवजी पात्राचं नाव घेणंही इथं महत्त्वाचं आहे.

दहाच्या पुढच्या मुलाला निंजासोबत जवळचा माणूसही दाखवा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळनं वल्हं हातात घेतलं ते सैन्यात गेल्यावर, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्यानं होडी वल्हवण्याच्या शर्यतीत, तो तेरावा आला. सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकलं. पदकाच्या फोटोपाशी मात्र थांबू नका. दहा हजार मीटर म्हणजे ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या. मुलाला मैदानावर नेऊन आधी दोन फेऱ्या पळू द्या, आणि दुसऱ्या फेरीत दम का लागला ते त्यालाच शोधू द्या. बहुतेक वेळा पहिली फेरी फार जोरात पळालेली असते.