बाळाच्या जन्मजात मोतीबिंदूची मोफत शस्त्रक्रिया: कुठे जायचं, काय न्यायचं

फोटो काढताना फ्लॅश पडतो आणि बाळाच्या एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकते. आजी म्हणते, 'सव्वा महिना होऊ दे, मग दाखवू.' नेमकी इथेच गफलत होते. दाट मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत आणि दोन्ही डोळ्यांत असेल तर आठव्या आठवड्यापर्यंत शस्त्रक्रिया व्हावी लागते. मेंदू बघायला शिकतो तो याच दिवसांत. सव्वा महिना म्हणजे जवळजवळ सहा आठवडे. घराबाहेर न पडण्याचा नेम संपतो, तोवर डॉक्टरांच्या हातातला वेळही संपत आलेला असतो. शिवाय पांढरी बाहुली दर वेळी मोतीबिंदूचीच असते असं नाही. क्वचित ती डोळ्यातल्या कर्करोगाचीही खूण असते. त्यामुळे वाट बघायची नाही.

हा उपचार राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत होतो. २०१३ मध्ये पालघरलाच या कार्यक्रमाची सुरुवात झाली. पात्रता वयावर ठरते: जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. सहा वर्षांपर्यंतची मुलं अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासली जातात, पुढची सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा. पण तान्ह्या बाळासाठी तपासणीचं पथक अंगणवाडीत यायची वाट बघू नका. आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. त्यातल्या पहिल्याच भेटीत तिला बाळाचे डोळे दाखवा, फोटोही दाखवा. तिच्याकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून संदर्भपत्र घेऊन जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठायचं. तिथे या केंद्राला 'डीईआयसी' म्हणतात, पाटीपेक्षा हेच नाव विचारलेलं बरं. एवढ्या लहान बाळाला भूल देणारे डॉक्टर सगळीकडे नसतात, म्हणून तिथून पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवतात.

आता कागदपत्रं. माता-बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, जन्मदाखला, शिधापत्रिका आणि आई-वडिलांचं आधार, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. खरी अडचण कागद नसण्याची नसते, कागदांवरच्या नावांची असते. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं. डिस्चार्ज कार्डावर आईचं माहेरचं आडनाव, शिधापत्रिकेवर सासरचं, आणि बाळ सगळीकडे 'बेबी ऑफ'. विवाह नोंदणीचा दाखला सोबत असला तर ही दोन नावांची बाई एकच, हे पटवणं सोपं जातं. बारसं झालेलं नसलं म्हणून जन्मदाखला अडत नाही. नावाशिवाय नोंद होते, आणि बारा महिन्यांच्या आत नाव शुल्क न देता घालता येतं. नोंद मात्र जिथे जन्म झाला तिथेच होते, म्हणून सासरी परतण्याआधी दाखला हातात घ्या. नोंद २१ दिवसांत झाली असेल तर पहिली प्रत फुकट मिळते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधी दोन गोष्टी विचारा: लहान मुलांची मोतीबिंदू शस्त्रक्रिया इथे योजनेत होते का, आणि शिधापत्रिकेवर अजून न चढलेल्या बाळासाठी काय चालेल. योजनेचा क्रमांक १५५३८८. कागद अपुरे असले तरी तपासणीची तारीख पुढे ढकलू नका. तपासणी करून घ्या, कागद मागून पुरे करता येतात.

नऊ महिने भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचं वेगळं आहे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्याची तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, अगदीच लवकर जन्मलेल्यांची त्याहूनही आधी. वरून डोळा स्वच्छ दिसतो, म्हणून हे राहून जातं. डिस्चार्ज कार्डावर ही तारीख लिहून मागा.

शस्त्रक्रियेनंतरचा भाग लोक हलक्यात घेतात. नैसर्गिक भिंग काढलेलं असतं आणि तान्ह्या बाळात कृत्रिम भिंग बहुधा लगेच बसवत नाहीत. मग जाड चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स, आणि एकाच डोळ्याचा त्रास असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक तास पट्टी. बाळ ती ओरबाडून काढतं, रडतं, आणि घरच्यांना दया येते. पण ही पट्टी टळली तर ऑपरेशनचा निम्मा फायदा गेला. डोळा वाढतो तसा नंबर बदलतो, तेव्हा प्रत्येक तपासणीचा केसपेपर एकाच फाइलमध्ये ठेवा.

नजर कमीच राहिली तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो. दिव्यांगत्वाची टक्केवारी चष्मा लावून उरलेल्या नजरेवर काढतात. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच धरतात, हे आधी माहीत असलेलं बरं. लहान मुलांना प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचं मिळतं. त्यावरची संपण्याची तारीख बघून ठेवा.