वर्ग तुमचा, प्रकल्प मुलांचा, सोबत आमची
मुख्याध्यापक आणि शिक्षकांसाठी माहितीपत्रक

आम्ही मुंबईतल्या शाळांमध्ये शिक्षकांसोबत काम करतो. मुलांना कोडिंगचे क्लास लावत नाही, शाळेला टॅब विकत नाही, सुट्टीत दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन प्रमाणपत्रंही वाटत नाही. सहावी ते नववीच्या एखाद्या वर्गात तंत्रज्ञान वापरून प्रकल्प करायचा असेल, तर तो पार पडेपर्यंत त्या विषयाच्या बाईंच्या किंवा सरांच्या जोडीला उभं राहायचं, एवढंच आमचं काम.

कार्यशाळेत सगळंच जमतं. तिथे माणशी एक लॅपटॉप असतो, वायफाय असतं, चहाही वेळेवर येतो. शाळेत परतलं की ३५ मिनिटांची तासिका, साठ मुलं, संगणक कक्षातले निम्मेच चालू संगणक आणि दाराशी दुपारच्या अधिवेशनाची मुलं. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडलं होतं की प्रशिक्षणात शिकलेलं वर्गात उतरायचं असेल, तर नंतर वर्गातच कुणाची तरी सोबत लागते. आमची पद्धत त्यावरच उभी आहे.

नेमकं काय होतं?

पावसाचा प्रकल्प घेऊ. मुंबईतल्या मुलांना याहून जवळचा विषय शोधून सापडणार नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला त्याच दिवशी शंभरही नाही. मग आपल्या शाळेच्या गच्चीवर किती पडतो? तो कुलाब्याशी जुळतो की सांताक्रूझशी?

साहित्य म्हणजे सरळ बाजूंची बरणी, पट्टी आणि संगणकावरची स्प्रेडशीट. खरी मजा पुढे. कुणीतरी बरणीवर नरसाळं बसवतं. नरसाळ्याचा व्यास बरणीच्या दुप्पट असेल तर पाण्याची उंची चौपट दिसते. वर्तुळाचं क्षेत्रफळ इथे आपणहून वर्गात येतं. रविवारी शाळा बंद, म्हणून सोमवारी दोन दिवसांचं पाणी एकदम मोजलं जातं. ते एकाच रकान्यात लिहायचं का? रविवारी शून्य लिहायचं की रकाना रिकामा ठेवायचा? स्प्रेडशीट सरासरी काढताना रिकामा रकाना सोडून देते आणि शून्य मात्र धरते, त्यामुळे उत्तर बदलतं. त्यात वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. दुपारच्या अधिवेशनाच्या शाळेत त्या वेळी मोजायला कोण येणार? म्हणजे आपले चोवीस तास आणि वेधशाळेचे चोवीस तास वेगळे. हे शिक्षकांनी सांगून टाकायचं नाही. आकडे जुळत नाहीत म्हणून मुलं भांडायला लागली की त्यांनाच सापडू द्यायचं. तेवढा वेळ गप्प राहणं हे या सगळ्यातलं अवघड कौशल्य आहे, आणि आमचा बराचसा सराव त्याचाच असतो.

आमचा मार्गदर्शक तासाआधी स्टाफरूममध्ये शिक्षकांसोबत बसून प्रश्न आणि गट ठरवतो. तासाला तो मागच्या बाकावर असतो. संगणक अडकला तरी हात लावत नाही. अडकलेला संगणक सुरू करतात ते शिक्षक किंवा मुलंच. तासानंतर थोडं बोलणं होतं. कुठला प्रश्न मुलांनी उचलला, कुठला हवेत गेला, पुढच्या तासाला काय गाळायचं. शेवटच्या आठवड्यांत तो मुद्दामच कमी येतो.

मार्गदर्शकाच्या निरीक्षणाची वही शिक्षकांकडेच राहते. मुख्याध्यापकांना तिची प्रत मिळत नाही आणि त्यांनी ती मागू नये, ही नम्र विनंती. तपासणीची भीती असली की शिक्षक नवीन काही करून पाहत नाहीत.

गणेशोत्सवाच्या आसपास आवाजाचा प्रकल्प छान होतो. शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. मोबाइलवरचं ॲप प्रमाणित नसतं, म्हणून त्याच्या आकड्यावरून कुणाची तक्रार करू नये. एकाच फोनने दोन जागांची तुलना मात्र करता येते. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर सेन्सर वापरू, नसेल तर स्क्रॅच ही मुलांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा इंटरनेटशिवायही चालते.

नेहमी विचारलं जातं

गुणांचं काय? आठवीपर्यंत वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात प्रकल्प हे साधन आहेच. आम्ही शिक्षकांसोबत निकषांचा तक्ता बनवतो. त्यात शेवटच्या फाइलपेक्षा दर आठवड्याच्या नोंदीला जास्त वजन असतं, कारण चकचकीत फाइल शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळते आणि अनेक घरांत ती आई-बाबाच बनवतात. अहवाल एआयकडून लिहून आणला तर? आणू दे. मंगळवारी पाणी कमी का भरलं, हे गच्चीवर गेलेल्या मुलालाच सांगता येतं.

मुलांची नावं? स्प्रेडशीटवर फक्त गट क्रमांक लिहितो, मुलांची ईमेल खाती उघडत नाही, पालकांच्या संमतीशिवाय फोटो काढत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकांकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवतं. आमचे तास त्यात धरता येतील का, हे शाळेने शिक्षण निरीक्षक कार्यालयात विचारावं. आम्ही तसं आश्वासन देत नाही.

शुल्क प्रकल्पामागे असतं, पटसंख्येवर नाही. दुसऱ्या प्रकल्पाला निम्मंच, आणि तिसऱ्याला आम्ही लागूच नये अशी अपेक्षा आहे.

शाळेकडून तीन गोष्टी हव्यात: स्वतःहून तयार झालेले एक शिक्षक (नेमून दिलेले नकोत), आठवड्यातून एक जोडतासिका, आणि संगणक कक्षाची किल्ली कुणाकडे असते याचं पक्कं उत्तर. पावसाचा प्रकल्प करायचा असेल तर एप्रिलमध्येच बोलू. जूनमध्ये वेळापत्रक भिंतीवर लागलं की जोडतासिका मिळत नाही.