डोळ्याला नक्की किती लांबचं दिसतं?

ट्रेकला गेलं की हा वाद हमखास निघतो. एकजण ठासून सांगतो की माणसाला फार तर पाच किमीपर्यंत दिसतं, दुसरा लगेच चंद्राकडे बोट दाखवतो, मग हा ३ लाख ८४ हजार किमीवरचा कसा दिसतो? पाच किमीचा आकडा हवेतून आलेला नाहीये, पण तो डोळ्याचा नाही, क्षितिजाचा आहे. समुद्रकिनारी उभं राहिलं की पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिज साधारण तेवढ्यावर असतं. कळसूबाईच्या माथ्यावरून, म्हणजे १६४६ मीटरवरून, तेच हिशोबाने १४० किमीच्या पुढे जातं, आता मध्ये धूळ आणि बाष्प असलं तर तेवढं दिसत नाही ती गोष्ट वेगळी.

मुळात डोळा कुठे पोचायचा नसतोच, उजेड डोळ्यापर्यंत यायचा असतो. डोळ्यातून किरण निघून वस्तूला जाऊन भिडतात असं ग्रीक गणिती युक्लिड मानायचा, आपल्याकडे न्यायदर्शन या तत्त्वज्ञानाच्या शाखेचंही तसंच मत होतं. हजारएक वर्षांपूर्वी इब्न अल हैथम या अरब शास्त्रज्ञाने कैरोत बसून हे खोडून काढलं. त्याचा एक मुद्दा मला फार आवडतो: सूर्याकडे बघितलं की डोळे दुखतात, म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतंय.

आता 'दिसणं' म्हणजे काय हेही बघायला हवं, कारण निम्मा वाद तिथेच आहे. रात्री गडावरून खाली रस्त्यावरची गाडी बघा, पाचेक किमीच्या पलीकडे तिचे दोन हेडलाइट मिळून एकच ठिपका दिसतो, कारण डोळ्याशी साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा कमी कोन करणाऱ्या दोन गोष्टी आपला डोळा वेगळ्या करू शकत नाही. पण ठिपका दिसतोच ना! तारे असेच दिसतात, आकार कळत नाही, फक्त उजेड पोचतो.

देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, म्हणजे ताऱ्यांचा एक प्रचंड समूह) तर २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे आणि हिवाळ्यात अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी पुसट डागासारखी दिसते. ती बघायची तर आधी वीस-तीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मोबाईल अजिबात काढू नका, आणि थेट तिच्याकडे न बघता जरा बाजूला बघा, कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी नजरेच्या ऐन मध्यावर नसतात, आजूबाजूला असतात.