क्रांतिपट, सोव्हिएत
रशियातील १९०५ व १९१७ च्या क्रांत्यांवर आणि त्यानंतरच्या यादवी युद्धावर सोव्हिएत राजवटीत निर्माण झालेले कथापट. चित्रपटव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण ऑगस्ट १९१९ मध्ये झाले असले, तरी कच्ची फिल्म व यंत्रसामग्री यांच्या टंचाईमुळे आरंभी वृत्तपट व लहान प्रचारपट यांवरच भर राहिला. त्यामुळे या प्रकाराचा खरा उदय सामान्यतः १९२५ च्या सुमारास मानला जातो. सर्गेई आयझेन्स्टाइन यांचे ‘स्ट्राइक’ व ‘बॅटलशिप पोटेम्किन’ (दोन्ही १९२५), पुदोव्हकिन यांचा गॉर्कींच्या कादंबरीवरील ‘मदर’ (१९२६) आणि युक्रेनियन दिग्दर्शक दोव्झेन्को यांचा ‘आर्सेनल’ (१९२९) हे त्यातील प्रमुख होत.

या चित्रपटांची ऐतिहासिक विश्वसनीयता हा अभ्यासकांमधील जुना वाद असून त्याच्या केंद्रस्थानी ‘पोटेम्किन’मधील, काळ्या समुद्रावरील ओडेसा बंदराच्या जिन्याचे दृश्य आहे. १९०५ च्या क्रांतीच्या विसाव्या वर्षानिमित्त नीना अगाजानोव्हा यांनी लिहिलेल्या विस्तृत पटकथेत ‘पोटेम्किन’ या युद्धनौकेवरील खलाशांचे बंड हा एक लहानसा भाग होता. लेनिनग्राडमधील चित्रीकरण खराब हवामानामुळे थांबवून आयझेन्स्टाइन ओडेसाला गेले आणि तो भागच संपूर्ण चित्रपट झाला. मूळ नौका तोपर्यंत मोडीत निघालेली असल्याने ‘बारा प्रेषित’ या जुन्या युद्धनौकेचा उपयोग करण्यात आला. जून १९०५ मध्ये नौका ओडेसा बंदरात आली, त्या वेळी बंदर परिसरात रात्री जाळपोळ झाली व सैन्याने गोळीबार केला, हे निर्विवाद आहे. मृतांचे आकडे मात्र साधनांनुसार फार भिन्न आहेत. भर दिवसा, पांढऱ्या अंगरख्यांतील सैनिकांनी ओळीने पायऱ्या उतरत केलेले हत्याकांड जसे पडद्यावर दिसते तसे घडल्याचा पुरावा मिळत नाही. एका मतानुसार ही शहरभर विखुरलेल्या हिंसेची एका स्थळी केलेली गुंफण होय, तर दुसरे मत तिला निव्वळ कल्पित ठरवते. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. कारण गोळीबार खरा होता, बदलले ते त्याचे स्थळ, वेळ आणि रूप. गोळ्या घालण्यापूर्वी खलाशांवर ताडपत्री टाकण्याचा प्रसंग आपण रचला, असे आयझेन्स्टाइन यांनीच पुढे नमूद केले आहे. १९५५ मध्ये त्या जिन्याला ‘पोटेम्किन’ हे नाव देण्यात आले, यावरून या दृश्याचा लोकस्मृतीवरील पगडा लक्षात येतो.

आयझेन्स्टाइन यांच्याच ‘ऑक्टोबर’ (१९२८) या चित्रपटाबाबत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. १९१७ मध्ये हंगामी सरकारचे ठाणे असलेल्या पेट्रोग्राडमधील हिवाळी राजवाड्याचा ताबा बोल्शेव्हिकांनी तुलनेने अल्प रक्तपातात घेतला. त्यावरील झुंडीच्या हल्ल्याची प्रतिमा निकोलाय येव्हरेइनोव्ह यांनी १९२० मध्ये त्याच चौकात सादर केलेल्या भव्य नाट्यप्रयोगाने व नंतर या चित्रपटाने रूढ केली आणि पुढे ती पुस्तकांतून प्रत्यक्ष छायाचित्र म्हणूनही वापरली गेली. हे चित्रपट १९०५ वा १९१७ चे नव्हे, तर १९२० नंतरच्या दशकाने स्वतःच्या उगमाकडे कसे पाहिले याचे अस्सल साधन आहेत. ‘ऑक्टोबर’मधून, क्रांतीचे नेते पण पुढे स्टालिन यांचे विरोधक ठरलेल्या ट्रॉट्स्की यांची दृश्ये काढून टाकण्यात आली, हेही याच दृष्टीने वाचावे लागते. याउलट एस्फिर शुब यांनी ‘द फॉल ऑफ द रोमानोव्ह डिनॅस्टी’ (१९२७) केवळ जुनी वृत्तदृश्ये जुळवून तयार केला.

तंत्राच्या बाबतीत पुदोव्हकिन यांचा भर चित्रखंड एकमेकांना जोडून आशय क्रमाने उभारण्यावर, तर आयझेन्स्टाइन यांचा त्यांच्या संघर्षातून नवा अर्थ निर्माण करण्यावर होता. क्रिमियातील आलुप्का येथील तीन वेगळ्या संगमरवरी सिंहांची चित्रे सलग जोडून एकच सिंह गर्जत उठल्याचा आभास ‘पोटेम्किन’मध्ये साधला आहे.

बोलपटाच्या काळात समूहाऐवजी नायक पुढे आला. यादवी युद्धातील लाल सेनेच्या सेनानीवरील ‘चापायेव्ह’ (१९३४) व मिखाईल रोम यांचा ‘लेनिन इन ऑक्टोबर’ (१९३७) ही त्याची उदाहरणे असून दुसऱ्या चित्रपटातील स्टालिन यांची दृश्ये त्यांच्या मृत्यूनंतर वगळली गेली. अस्कोल्दोव्ह यांचा ‘कमिसार’ १९६७ मध्ये पूर्ण होऊनही सुमारे वीस वर्षे अप्रदर्शित राहिला.