मेसोपोटेमियन देवशिल्पांची छापील भिंतचित्रे

प्राचीन मेसोपोटेमियातील (आजचा इराक व लगतचा काही प्रदेश) मंदिरे, राजवाडे आणि घरे यांत सापडलेल्या धार्मिक वस्तूंची छायाचित्रे किंवा रेखाटने कागदावर अथवा कॅनव्हासवर छापून भिंतीवर लावण्यासाठी तयार केलेली चित्रे. सुमेरियन, बॅबिलोनियन आणि असिरियन अशा सर्व काळांतील वस्तू त्यांत येतात. पंखधारी असिरियन रक्षक, लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील ‘रात्रीची राणी’ हा मृत्फलक आणि बॅबिलोनच्या इश्तार दरवाजावरील प्राणी ही त्यांतली नेहमी दिसणारी चित्रे होत.

या चित्रांची सुरुवात एकोणिसाव्या शतकातील शिळाछापांपर्यंत मागे जाते. ऑस्टिन हेन्री लेयर्ड यांनी १८४५ पासून निमरूद (प्राचीन कल्हू) येथे उत्खनन केले. छायाचित्रण तेव्हा बाल्यावस्थेत होते, त्यामुळे शिल्पे हाताने रेखाटून घ्यावी लागत. ही रेखाटने ‘द मॉन्युमेंट्स ऑफ निनेव्ह’ या मोठ्या आकाराच्या चित्रसंग्रहात १८४९ मध्ये आणि दुसऱ्या मालिकेत १८५३ मध्ये छापली गेली. आज विकल्या जाणाऱ्या काळ्या रेघांच्या असंख्य चित्रांचे मूळ याच संग्रहात आहे.

त्यांतले एक चित्र तर जगभर पोहोचले आहे. चार पंखांचा एक देव दोन्ही हातांत त्रिशाखी वज्रे घेऊन धावत आहे आणि त्याच्यापुढे सिंहाच्या तोंडाचा, पिसांच्या अंगाचा राक्षस जबडा वासून मागे वळला आहे. त्याच्या मागच्या पायांना पक्ष्याची नखे आहेत. चित्राखाली बहुधा ‘मार्दुक आणि तियामत’ असे छापलेले असते. ते चूक आहे. हे शिल्प असिरियाचा राजा असुरनासिरपाल दुसरा (कारकीर्द इ. स. पू. ८८३–८५९) याने कल्हू येथे बांधलेल्या निनुर्ता देवाच्या मंदिरातील आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यात निनुर्ता हा अंझू या राक्षसाचा पाठलाग करत आहे. एन्लिल देवाकडील भाग्यपट्ट अंझूने पळवला आणि निनुर्ताने तो परत मिळवला, अशी ती कथा. मार्दुक हा बॅबिलोनचा देव, तियामत ही समुद्ररूपी आदिमाता. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय लेखकांना बॅबिलोनच्या सृष्टिकथेचे मोठे आकर्षण होते. त्यांनी हे चित्र त्या कथेला जोडले आणि ते नाव चिकटून राहिले. ज्याच्या मंदिरात शिल्प उभे होते त्या देवाचेच नाव चित्राखालून गळावे, हा किरकोळ दोष म्हणता येत नाही.

गरुडमुखी किंवा मानवमुखी पंखधारी आकृतींच्या बाबतीतही असेच घडते. या अपकल्लू म्हणजे आदिकालीन ऋषींच्या आकृती. त्यांच्या एका हातात छोटी बादली आणि दुसऱ्यात शंकूच्या आकाराची वस्तू असते. बादलीला ‘बंदुद्दू’ आणि शंकूला ‘मुल्लिलू’ म्हणजे शुद्ध करणारा म्हणत. राजाचे आणि राजवाड्याचे अरिष्टापासून रक्षण करणारा शुद्धिविधी त्या करत आहेत. १९७६ नंतर परग्रहवासीयांच्या कल्पना लोकप्रिय झाल्या आणि याच आकृती ‘अनुनाकी’ (मुळात मेसोपोटेमियन देवांच्या एका समूहाचे नाव) या नावाने छापल्या जाऊ लागल्या. मनगटावरचे फुलाच्या नक्षीचे कडे मग घड्याळ ठरले. मूळ शिळा माणसाहून उंच असून आकृतीच्या अंगावरूनच राजाच्या पराक्रमाचा कीलाक्षर लेख आडवा कोरलेला असतो. रेघांच्या प्रतींत तो बहुधा गाळलेला असतो, आणि त्याबरोबर शिल्प कोणाचे व कुठले हे सांगणारा पुरावाही जातो.

‘रात्रीची राणी’ (बर्नी फलक) हा इ. स. पू. एकोणिसाव्या ते अठराव्या शतकातील भाजलेल्या मातीचा फलक असून त्याची उंची सु. ४९.५ सेंमी. आहे. पंख आणि पक्ष्याचे पाय असलेली नग्न देवी दोन सिंहांवर उभी आहे. दोन्ही बाजूंना घुबडे आहेत आणि डोक्यावर देवत्वाची खूण असलेला शिंगांचा मुकुट आहे. ब्रिटिश म्यूझियमने २००३ मध्ये तो १५ लाख पौंडांना विकत घेतला. ही देवी कोण यावर एकमत नाही. लिलिथ ही राक्षसी, प्रेम व युद्धाची देवी इश्तार आणि पाताळाची राणी एरेश्किगल अशी तीन नावे सुचवली गेली आहेत. विक्रीच्या चित्रांवर मात्र ‘लिलिथ’ असे ठामपणे छापलेले असते. मूळ फलक कुठे उकरला गेला याची नोंद नाही, म्हणूनच वाद मिटत नाही. फलक मुळात रंगवलेला होता: देवीचे अंग तांबडे आणि पार्श्वभूमी काळी. आज चित्रांत दिसतो तो एकसारखा मातकट रंग म्हणजे रंग उडाल्यावरचे रूप आहे.

रंगाच्या दृष्टीने इश्तार दरवाजाची चित्रे मुळाशी अधिक प्रामाणिक राहतात, कारण झिलईच्या विटांचा निळा रंग टिकला आहे. नेबुकद्नेझर दुसरा याच्या काळातील (इ. स. पू. सहावे शतक) या दरवाजावर अदद देवाचे बैल आणि मार्दुकचा मुशहुश्शू हा सर्पमुखी प्राणी आहे, इश्तारचे सिंह मात्र मिरवणूकमार्गाच्या भिंतींवर होते. दरवाजाचा पुनर्रचित भाग १९३० पासून बर्लिनच्या पेर्गामोन संग्रहालयात आहे.

घरात देवाची प्रत ठेवण्याची रीत मेसोपोटेमियालाही परकी नव्हती. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या आरंभी एकाच साच्यातून काढलेले हातभर नव्हे, तळहाताएवढे मातीचे फलक मोठ्या संख्येने बनत आणि ते मंदिरांप्रमाणे राहत्या घरांतही सापडले आहेत. आजच्या छापील चित्राचा खरा पूर्वज शोधायचा तर तो राजवाड्यातल्या शिळेपेक्षा या स्वस्त फलकात शोधावा.

मूळ वस्तूंवर स्वामित्वहक्क नसतो, पण त्यांच्या छायाचित्रांवर असू शकतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये स्वामित्वमुक्त कलाकृतींची आपली छायाचित्रे कोणत्याही वापरासाठी खुली केली. त्यांत निमरूदची उठावशिल्पेही आहेत. ब्रिटिश म्यूझियमची छायाचित्रे सर्वसाधारणपणे बिगरव्यापारी वापरासाठीच मोकळी असतात. चांगल्या चित्राखाली स्थळ, काळ, संग्रहालय आणि वस्तूचा क्रमांक दिलेला असतो, आणि खरेदी करताना तेवढे पाहिले तरी बरीच फसगत टळते. निमरूदच्या बाबतीत या नोंदींचे मोल आणखी वाढले आहे, कारण तेथील वायव्य राजवाडा २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटने सुरुंग लावून उद्ध्वस्त केला.

लेयर्ड यांनी पाठवलेल्या शिल्पांपैकी काही बसऱ्याहून मुंबईमार्गे इंग्लंडला गेली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियन उठावशिल्पे आहेत, त्यामुळे छापील चित्र आणि प्रत्यक्ष दगड यांतला फरक महाराष्ट्रातल्या वाचकाला तिथे जाऊन पाहता येतो.