‘प्लाता’: चांदी, पैसा आणि एका नदीचे नाव

स्पॅनिश शिकू लागलेल्याला ‘प्लाता’ हा शब्द पाठ्यपुस्तकात चांदी या अर्थाने भेटतो. ब्वेनोस आइरेस, लिमा किंवा बोगोता येथे मात्र तो दिवसभर कानांवर पडतो पैसा या अर्थाने. ‘नो तेंगो प्लाता’ म्हणणारा माणूस खिसा रिकामा असल्याचे सांगत असतो, चांदी त्याच्या मनातही नसते.

चांदीला लॅटिनमध्ये ‘आर्जेंतुम’ म्हणत, आणि फ्रेंच व इटालियन भाषांनी तोच शब्द पुढे चालवला. स्पॅनिशने आणि तिच्या शेजारच्या पोर्तुगीजने मात्र बोली लॅटिनमधील ‘सपाट’ अशा अर्थाच्या शब्दापासून निघालेले नाव स्वीकारले, ज्याचा मूळ रोख धातूच्या पत्र्याकडे होता आणि जे पुढे चांदीपुरतेच मर्यादित झाले. जुना ‘आर्जेंतो’ स्पॅनिशमध्ये केवळ कवितेपुरता उरला.

पैसा या अर्थाला बळ मिळाले ते सोळाव्या शतकात. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातील पोतोसीच्या डोंगरात आणि पुढच्याच वर्षी मेक्सिकोतील साकातेकास येथे चांदीचे मोठे साठे हाती लागले. पाऱ्याच्या साहाय्याने हलक्या प्रतीच्या खनिजातूनही चांदी वेगळी करण्याची रीत बार्तोलोमे दे मेदिना याने १५५० च्या दशकात मेक्सिकोतील पाचुका येथे रूढ केली, आणि पेरूतील वांकावेलिकाच्या खाणींतून तो पारा पोतोसीला मिळू लागला. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने अँडीजमधील गावांवर पाळीपाळीने खाणमजूर पुरवण्याची सक्ती लादली. या शब्दाचा इतिहास सांगताना ही वेठबिगारी वगळणे मला अन्यायाचे वाटते, कारण ज्या चांदीतून नाणी पडली ती या लोकांनी जीव धोक्यात घालून वर आणली होती.

त्या चांदीचे आठ रेआलांचे (रेआल हे तेव्हाचे स्पॅनिश चलन) नाणे जगभर चालले. मनिलामार्गे ते चीनला गेले, युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून गोवा आणि सुरतेला उतरले, आणि मुघल टांकसाळींत वितळून त्याचे रुपये झाले. आपला ‘रुपया’ हा शब्दही ‘रूप्य’ म्हणजे चांदीशी जोडलेला आहे, आणि फ्रेंचमध्येही चांदी व पैसा यांना एकच शब्द आहे. त्यामुळे धातूच्या नावाने पैशाला ओळखणे ही काही स्पॅनिशचीच रीत नव्हे. स्पॅनिशचे वेगळेपण आहे ते भूगोलात. स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात ‘दिनेरो’ हा शब्द अधिक चालतो, आणि तोही ‘देनारियुस’ या रोमन चांदीच्या नाण्यापासून आला आहे. त्याच नाण्याचे नाव संस्कृतात ‘दीनार’ होऊन पोहोचले. दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच भागात मात्र ‘प्लाता’ रुळला. केवळ खाणींवरून याचा उलगडा होत नाही, कारण अठराव्या शतकात सर्वाधिक चांदी देणाऱ्या मेक्सिकोत पैशाला बोलीभाषेत ‘लाना’, म्हणजे लोकर, म्हणतात.

दक्षिण अमेरिकेतील ‘रिओ दे ला प्लाता’, म्हणजे ‘चांदीची नदी’, या नावामागे तर निव्वळ आशा होती. १५१६ मध्ये तेथे पोहोचलेल्या हुआन दिआस दे सोलिस याने त्या विशाल खाडीला ‘गोडा समुद्र’ म्हटले होते. पण १५२० च्या दशकात सेबास्तियन कॅबटच्या मोहिमेला स्थानिक लोकांकडे चांदीच्या वस्तू दिसल्या आणि वरच्या बाजूला चांदीचा देश असल्याची समजूत दृढ झाली. नदीकाठी चांदी कधीच सापडली नाही, तरी नाव टिकले, आणि पुढे लॅटिन ‘आर्जेंतुम’वरून तेथील देश अर्जेंटिना झाला.

शब्दाची आणखी एक शाखा कोलंबियातील चोको भागात फुटली. तेथे सोन्याबरोबर मिळणाऱ्या, वितळता न येणाऱ्या पांढऱ्या कणांना खाणवाले ‘प्लातिना’, म्हणजे छोटी किंवा हलकी चांदी, म्हणत. अन्तोनिओ दे उयोआ याने १७४८ मध्ये या धातूचा उल्लेख प्रसिद्ध केल्यावर युरोपातील रसायनशास्त्रज्ञांचे तिकडे लक्ष गेले, आणि त्या काळी अडगळ समजला गेलेला तो धातू आज सराफाच्या दुकानात प्लॅटिनम म्हणून विकला जातो.