वंदे भारत एक्सप्रेस : प्रवासी सोय आणि अंतर्गत रचना

वंदे भारत एक्सप्रेस ही भारतीय रेल्वेची, वेगळे इंजिन न लावता धावणारी वातानुकूलित विद्युत गाडी आहे. चेन्नईतील पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीत 'ट्रेन १८' या नावाने ती तयार झाली. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी नवी दिल्ली–वाराणसी मार्गावर पहिल्या गाडीला हिरवा झेंडा दाखवण्यात आला. महाराष्ट्रात मुंबईहून गांधीनगर, सोलापूर, शिर्डी आणि मडगाव, नागपूरहून बिलासपूर, पुण्याहून हुबळी आणि कोल्हापूर अशा मार्गांवर ती पुढच्या काही वर्षांत आली.

गाडीची रचना ताशी १८० किमी वेगासाठी आहे आणि प्रवासी घेऊन ती जास्तीत जास्त ताशी १६० किमी धावू शकते. प्रत्यक्षात रूळ, वळणे, घाट आणि इतर गाड्यांची गर्दी यांमुळे हा वेग फार थोड्या टप्प्यांवर गाठता येतो. मुंबई–सोलापूर हे सुमारे ४५५ किमी अंतर ती साडेसहा तासांत कापते, म्हणजे सरासरी ताशी ७० किमी. म्हणून या गाडीचे मूल्यमापन वेगमर्यादेच्या आकड्यावरून करणे अपुरे आहे. तिकिटाचे जादा पैसे मोजणाऱ्याला त्यांच्या बदल्यात मुख्यतः डब्याच्या आतली बैठक, हवा, शांतता आणि स्वच्छता मिळते. अंतर्गत रचनेचा विचार तितक्याच गांभीर्याने व्हायला हवा.

पूर्वपीठिका

विजेवर धावणारी आणि आरामासाठी नावाजलेली आंतरशहरी गाडी महाराष्ट्राला नवी नाही. १ जून १९३० रोजी सुरू झालेली मुंबई–पुणे डेक्कन क्वीन तिच्या डायनिंग कारसह आजही धावते. १९८८ मध्ये शताब्दी एक्सप्रेसने वातानुकूलित चेअर कार आणि जागेवर मिळणारे जेवण यांची सवय लावली. मे २०१७ मध्ये मुंबई–करमाळी तेजस एक्सप्रेसमध्ये स्वयंचलित दरवाजे आणि प्रत्येक आसनासमोर पडदा (स्क्रीन) आला. पहिल्या फेरीनंतर पडद्यांची मोडतोड झाल्याच्या आणि हेडफोन नाहीसे झाल्याच्या बातम्या छापून आल्या, आणि पुढे हे पडदे काढून टाकण्याचा निर्णय झाला. वंदे भारतमध्ये आसनासमोर पडदा नाही. डब्यात मोजके मोठे पडदे आहेत, ते मुख्यतः पुढचे स्थानक आणि वेग दाखवतात. करमणुकीसाठी वाय-फायवरून प्रवाशाच्या स्वतःच्या फोनवर कार्यक्रम देण्याची योजना होती. सार्वजनिक डब्यात टिकणारी वस्तू कोणती, याचा धडा तेजसने दिला.

विजेचा आणि आरामाचा संबंध

१६ डब्यांच्या गाडीत एकाआड एक असे आठ डबे मोटरचे आहेत. ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर ही सारी यंत्रणा फरशीखाली टांगलेली असल्याने वरची पूर्ण लांबी प्रवाशांना मिळते. ओढण्याचे बळ गाडीभर वाटले गेल्याने, आणि डबे एकमेकांना कायमस्वरूपी जवळपास घट्ट जोडलेले असल्याने, सुटताना व थांबताना बसणारे धक्के कमी होतात. एलएचबी, म्हणजे मूळ जर्मन बनावटीच्या, डब्यांच्या गाड्यांत रात्री झोपेतून उठवणारा जो हिसका अनेकांच्या परिचयाचा आहे, त्याचे मूळ डब्यांमधल्या जोडणीत असते.

डब्यातले दिवे आणि वातानुकूलन यांना लागणारी वीज ओव्हरहेड वायरमधूनच येते. पूर्वीच्या राजधानी-शताब्दी गाड्यांना त्यासाठी दोन टोकांना डिझेल जनरेटरचे डबे जोडलेले असत. त्यांच्या शेजारच्या डब्यात बसलेल्यांना तो घरघराट आणि धूर चांगलाच आठवत असेल. वंदे भारतमध्ये तो त्रास उरला नाही. बदल्यात मोटरच्या डब्यात वेग घेताना पायांखालून यंत्राचा बारीक सूर ऐकू येतो, बिनमोटरच्या डब्यात तो कमी असतो.

घाटात या रचनेचा वेगळा फायदा दिसतो. कर्जत–लोणावळा आणि कसारा–इगतपुरी या टप्प्यांत ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे, आणि इंजिनाने ओढल्या जाणाऱ्या गाड्यांना तिथे मागून रेटण्यासाठी बँकर इंजिने लावावी लागतात. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेल्या सोलापूर आणि शिर्डी या दोन्ही वंदे भारत गाड्या हे घाट बँकरशिवाय चढतात, त्यामुळे इंजिने जोडण्यासाठी थांबून राहण्याची वेळ वाचते.

डब्याचा झुला

डब्याखाली चाके ज्या चौकटीत बसवलेली असतात, त्या प्रत्येक चौकटीवर दोन पायऱ्यांची निलंबन व्यवस्था (सस्पेन्शन, म्हणजे धक्के शोषणारी रचना) असते: चाकांजवळ पोलादी स्प्रिंग आणि डब्याखाली हवेची स्प्रिंग. हवेची स्प्रिंग भार वाढला की जास्त हवा घेते, त्यामुळे डबा भरलेला असो वा रिकामा, फरशीची उंची जवळपास सारखी राहते आणि धक्के मऊ होतात. प्रवास किती सुखाचा झाला हे मोजण्यासाठी भारतीय रेल्वे स्पर्लिंग निर्देशांक वापरते. हा अंक जितका कमी तितका डबा स्थिर. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेची सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी कंपने सर्वांत जास्त जाणवतात, कारण पोट आणि पाठीचा कणा त्याच लयीत हलू लागतात. म्हणून या पट्ट्यातली कंपने दाबणे हे निलंबनाचे मुख्य काम असते.

ऑगस्ट २०२२ मध्ये कोटा–नागदा मार्गावर ताशी १८० किमी वेगाच्या चाचणीत पाण्याने भरलेला पेला न सांडल्याची चित्रफीत रेल्वेमंत्र्यांनी प्रसिद्ध केली होती. चाचणी खरी आणि कामगिरी कौतुकाची होती. मात्र चांगल्या राखलेल्या सरळ रुळावरचा पेला संपूर्ण मार्गाविषयी फारसे सांगत नाही. डबा तोच असला तरी सांधे, खडी आणि वळणे बदलली की आराम बदलतो, आणि ही जबाबदारी डबा बांधणाऱ्याची नसून रूळ राखणाऱ्याची असते.

बैठक

१६ डब्यांच्या गाडीत १,१२८ आसने आहेत: दोन एक्झिक्युटिव्ह (वरच्या वर्गाच्या) डब्यांत प्रत्येकी ५२, बारा चेअर कारमध्ये प्रत्येकी ७८ आणि चालककक्ष असलेल्या टोकाच्या दोन डब्यांत प्रत्येकी ४४. आठ डब्यांच्या गाडीत ही संख्या ५३० होते. एक्झिक्युटिव्हमध्ये मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, चेअर कारमध्ये एका बाजूला तीन आणि दुसरीकडे दोन. भारतीय डब्याची रुंदी सुमारे ३.२४ मीटर असल्याने एका ओळीत पाच माणसे बसवता येतात. युरोपातल्या साधारण २.९ मीटर रुंद डब्यांत चारच बसतात. जपानच्या शिंकान्सेनचे डबे ३.३८ मीटर रुंद असून तिथेही पाचांचीच ओळ आहे.

जपानशी तुलना इथे उपयोगी ठरते. तिथे शेवटच्या स्थानकावर सगळी आसने फिरवून गाडीच्या दिशेला केली जातात. दोघांचे आसन फिरवणे सोपे, पण तिघांचे लांब आसन फिरायला पुढे-मागे मोकळी जागा लागते. १९८५ मध्ये आलेल्या १०० मालिकेच्या शिंकान्सेनने त्यासाठी दोन ओळींमधले अंतर १०४ सेंमी केले. आसने कमी झाली, पण प्रत्येकाला पुढे तोंड करून बसता आले आणि पायांनाही जागा मिळाली. वंदे भारतमध्ये १८० अंशांत फिरणारी आसने फक्त एक्झिक्युटिव्हमध्ये आहेत. चेअर कारमधली आसने फिरत नाहीत, त्यामुळे बऱ्याच प्रवाशांना गाडीच्या दिशेला पाठ करून बसावे लागते. ज्यांना असे बसून मळमळते, त्यांच्यासाठी ही बारीकशी गैरसोय नाही, आणि आरक्षण करताना ती टाळण्याचा खात्रीचा मार्गही नाही. पाचांच्या ओळी ठेवून आसनसंख्या राखायची की जपानसारखी ओळींमध्ये जागा सोडायची, हा निर्णय आसनसंख्येच्या बाजूने लागला आहे.

पहिल्या गाड्यांतल्या आसनांबद्दल, विशेषतः चेअर कारच्या पाठीबद्दल, तक्रारी आल्या. ३० सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई सेंट्रल–गांधीनगर मार्गावर सुरू झालेल्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत सर्व वर्गांत पाठ मागे नेता येणारी आसने आली. सप्टेंबर २०२३ मधल्या सुधारणांत पाठीचा कल १७.३१ अंशांवरून १९.३७ अंशांवर नेण्यात आला. आकडा क्षुल्लक वाटतो. पाठ ७० सेंमी उंच धरली तर डोक्याशी जेमतेम अडीच सेंमीचा फरक पडतो. तरीही डुलकी लागल्यावर मान पुढे पडते की मागे टेकते, हे एवढ्याशा फरकानेच ठरू शकते. त्याच वेळी गादीचा टणकपणा बदलला, एक्झिक्युटिव्हमधल्या आसनांचा रंग लाल जाऊन निळा आला, तिथली पाय टेकवण्याची पट्टी लांब झाली आणि चार्जिंगच्या खाचा हाताला सहज येतील अशा ठिकाणी आल्या.

या सुधारणांचे महत्त्व मार्गाच्या लांबीवर ठरते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या अजनी (नागपूर)–पुणे वंदे भारतला सुमारे ८८० किमीसाठी बारा तास लागतात. मुंबई–मडगाव गाडी एरवी पावणेआठ तास घेते, पण कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात तिला दहा तासांच्या आसपास लागतात. दरडींच्या भीतीने वेग कमी करणे योग्यच आहे. मात्र तीन-चार तासांसाठी पुरेसे असलेले आसन दहा-बारा तासांना पुरत नाही. पाठीच्या खालच्या भागाला आधार, मांडीखालच्या गादीची लांबी, मधल्या आसनावरच्या माणसाच्या कोपरांना मिळणारी जागा, या गोष्टी चौथ्या तासानंतर बोलू लागतात.

हवा, प्रकाश, पाणी

डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत आणि दोन डब्यांमधला जोडमार्गही बंदिस्त आहे. त्यामुळे धूळ आणि आवाज बाहेर राहतात, पण आतल्या हवेची सगळी जबाबदारी छतावरच्या वातानुकूलन यंत्रावर येते. दुसऱ्या आवृत्तीत या यंत्रात अतिनील किरणांवर आधारित, हवेतले जंतू नष्ट करणारे प्रकाश-उत्प्रेरक शुद्धीकरण बसवले गेले. त्याची शिफारस चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेने केली होती. छतावरचा प्रकाश पसरट, डोळ्यांना न टोचणारा आहे, आणि प्रत्येक आसनासाठी वेगळा वाचनदिवा आहे. रुंद काचांमुळे डबा मोकळा वाटतो, तरी काही आसनांच्या वाट्याला खिडकीऐवजी दोन काचांमधली भिंत येते. सह्याद्रीतून किंवा कोकणातून जाणाऱ्या गाडीत हे जास्त खुपते.

स्वच्छतागृहे हवेच्या दाबाने मैला खेचून घेणारी असल्याने पाणी कमी लागते आणि दुर्गंधी बरीच आटोक्यात राहते. २०२३ च्या सुधारणांत हात धुण्याचे भांडे खोल केले गेले, कारण उथळ भांड्यातून पाणी उडून कपडे आणि फरशी ओली होत असे. संपूर्ण यादीत ही सुधारणा सर्वांत शहाणपणाची वाटते: फरशी कोरडी राहिली की स्वच्छतागृह शेवटच्या स्थानकापर्यंत वापरण्याजोगे राहते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अंतिम स्थानकावर १४ मिनिटांत गाडी स्वच्छ करण्याची पद्धत सुरू झाली. जपानमध्ये शिंकान्सेनची हीच सफाई सात मिनिटांत होते.

चढणे-उतरणे आणि सामान

दरवाजे स्वयंचलित असून ते लागल्याशिवाय गाडी सुटत नाही. धावत्या गाडीत चढण्याच्या सवयीला याने आळा बसला, ही मोठी गोष्ट आहे. थांबल्यावर दरवाज्याखालून पायरी बाहेर सरकते आणि फलाटाची फट भरून काढते. फरशी मात्र फलाटापेक्षा उंचच राहते, म्हणून गुडघेदुखी असलेल्या वृद्धांना आणि चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशांना मदतीशिवाय चढता येत नाही. टोकाच्या डब्यांत चाकाची खुर्ची बांधून ठेवण्याची सोय आणि आसन क्रमांक ब्रेल लिपीत आहेत. आत पोहोचल्यानंतरचा विचार चांगला झाला आहे, आत पोहोचण्याचा अजून अपुरा आहे. सामानासाठी डोक्यावर फळी आहे. मोठ्या बॅगा तिथवर उचलणे अनेकांना जमत नाही आणि त्या वाटेत येतात.

शयनयान आवृत्ती

रात्रीच्या प्रवासासाठी वंदे भारतच्या शयनयान गाडीचा पहिला नमुना बीईएमएल या सरकारी कंपनीने बांधला आणि १ सप्टेंबर २०२४ रोजी बंगळूरु येथे तो दाखवण्यात आला. त्याच्या १६ डब्यांत ८२३ बर्थ आहेत, त्यांपैकी ६११ तीन मजली, १८८ दुमजली आणि २४ पहिल्या वर्गातले. इथे पाठीच्या कलापेक्षा वरच्या बर्थवर चढण्याची शिडी, रात्रीचा मंद प्रकाश आणि गादीची जाडी हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. अशा शयनयान गाड्यांचे १,९२० डबे बांधण्याचे काम भारत आणि रशिया यांच्या संयुक्त कंपनीकडे असून ते लातूरच्या मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरीत व्हायचे आहे.